बाँबर वैमानिकाची शिकवणी

बाँब टाकणाऱ्या विमानांविरुद्ध मी म्युनिकच्या रस्त्यांवर पत्रकं वाटली आणि त्याच विमानांवर जाणाऱ्या एकाला इंग्रजीही मीच शिकवलं. दोन्ही खरं आहे. आमच्या अणुबाँबविरोधी गटात हे अजून कुणाला पटत नाही.

साठ-एकसष्टचा सुमार. मी इंजिनिअरिंग शिकत होतो आणि एका विधवा बाईंच्या घरी वरच्या खोलीत राहत होतो. त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्याच वयाचा. नव्या जर्मन हवाई दलात त्याला बाँबर चालवायचं होतं. प्रशिक्षण अमेरिकेत, म्हणून आधी इंग्रजीची परीक्षा. त्यात तो एकदा आपटला होता. आता शेवटची संधी, आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटाच.

"शिकवशील?" त्याने विचारलं.

"उद्या तू शहरं जाळणार आणि त्यासाठी इंग्रजी मी शिकवायचं?"

"आल्झो, बरं, भाषण संपलं असेल तर सुरू करू. तुझी ती लंडनहून येणारी पत्रकंच घे. मला चालतील."

म्हटलं, बरा सापडला! महिनाभर अणुबाँबविरोधी मजकूर वाचून गडी सुधारेल. कसलं काय! तो वाक्यं घडाघडा वाचायचा, उच्चार दुरुस्त करून घ्यायचा आणि पान उलटायचा. शेवटी मी चिडलो. "अरे, डोक्यात काही शिरतंय का? तुमचं गाव असंच जळलं ना?"

"म्हणूनच तर. साडेचार वर्षांचा होतो मी. तळघरात, आईच्या मांडीवर. वर कोण आहे, कुठे निघालंय, काही कळत नव्हतं. मला पुन्हा खाली बसायचं नाही."

"खाली कुणीतरी बसणारच ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. समोर बटाट्याचं सूप ठेवलं. "तुम्ही तर बाँबच्या विरोधात. मग त्याला थोडं चुकीचं शिकवा की. नापास होईल, घरी राहील." त्यांचा नवरा रशियाच्या आघाडीवरून परतला नव्हता. उरला होता तो हा एक.

मोह झाला, खोटं कशाला बोलू? चळवळीचं काम, तेही सूप पिता पिता! पण हवेत वैमानिकांचं सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. "आणि तरीही पास झाला तर?" मी विचारलं. "ढगात कुणी 'वर घे' म्हणालं आणि याला 'खाली ये' कळलं तर?"

बाईंनी माझ्या ताटलीत आणखी एक पळी सूप वाढलं.

मग मी पत्रकं बाजूला ठेवली आणि त्याच्याकडून आकडे, दिशा, उंची घोटून घेतली. माझं मत तसूभरही बदललं नव्हतं. संताप होता तो पोरांच्या हाती बाँब देऊन स्वतः खुर्चीत बसणाऱ्या मंत्र्यांवर. तळघरातल्या पोराला चुकीचे शब्द देऊन मारणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

निकालाचं पत्र घेऊन बाई स्वतः जिना चढून वर आल्या.

"पास झाला. तुमच्यामुळे."

हे आभार की शिव्या, ते त्यांच्या तोंडावरून कळेना. त्या माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"तिकडे थंडी किती असते हो?"

मला काय ठाऊक? मी कधी अमेरिका पाहिलेली नव्हती. तरी म्हणालो, "इथल्यापेक्षा कमीच."