खळ घातलेला नऊ नंबर

सामन्याआधी मिस्टर प्रत्येक पोराचा शर्ट खांद्यावर दोन बोटांच्या चिमटीत धरायचे, हलकेच खाली ओढायचे आणि म्हणायचे, "आल्झो. आधी बघ, मग मार."

इटलीत कोचला मिस्टरच म्हणतात म्हणे. म्हणून जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या आमच्या लहानशा फुटबॉल क्लबातही ते सगळ्यांचे मिस्टर. तरुणपणी तिकडे सेंटर फॉरवर्ड होते, पाठीवर नऊ नंबर. गुडघा गेला, खेळ गेला. मग इथे कारखान्यात आले. आठवडाभर मशीन आणि शनिवारी मैदान. 'आल्झो', म्हणजे 'तर मग', एवढं सोडलं तर त्यांचं जर्मन माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमायचं.

"किती गोल केलेत हो?" मी एकदा विचारलं.

"ते लोकांच्या लक्षात असतील, सिन्योरा. माझ्या लक्षात एकच आहे, न झालेला." समोर रिकामा गोल, गोलकीपर आडवा पडलेला आणि बॉल बारवरून गेला. "बघितलंच नाही मी. नुसता मारला." हवामान सांगावं तसं सांगायचे.

आता माझा पराक्रम ऐका. लेक त्यांच्या टीममध्ये होती. टीमचे शर्ट धुवायची पाळी दर आठवड्याला एका घराची, तशी ती आमच्यावर आली. मी तिशीतली, पुण्याहून नुकतीच आलेली आणि अख्ख्या जर्मनीला टापटीप शिकवायला निघालेली. क्लबचे शर्ट जुने, सुती. मी पातेलंभर भात शिजवला, पेज गाळली आणि सगळ्या शर्टांना कडक खळ घातली. वर इस्त्री.

"अगं, खेळायला जाणारेत पोरं, लग्नाला नाही," आमचे हे म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय," मी म्हणाले. काय तो तोरा.

सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत पोरं माना खाजवायला लागली. मग भुरभुर पाऊस आला आणि सगळ्यांच्या अंगावर पुन्हा पेज झाली. बाकीच्या आया शर्ट हुंगून माझ्याकडे बघत होत्या. लेक तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जर्मनमध्येसुद्धा.

मिस्टरांनी एक ओला शर्ट नाकाशी धरला. बराच वेळ धरला. "माझी आई करायची असं," ते म्हणाले. "पहिल्या मॅचला. मला वाकताच येईना."

पुढच्या शनिवारी ते दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत त्यांचा स्वतःचा जुना नऊ नंबर. "पोरांचे नको, सिन्योरा. एवढा एकच कराल?"

तेव्हापासून दर सीझनच्या पहिल्या सामन्याला ते तो कडक शर्ट घालून लाइनीवर उभे राहायचे, लाकडासारखे. शर्ट पोटावर बसेना झाला, तरी. मग काठी आली, मग खुर्ची. गेली काही वर्षं पिशवी आली नव्हती.

मागच्या सोमवारी आली. त्यांची बायको घेऊन आली होती. "गुरुवारी दफन आहे," त्या म्हणाल्या. "हाच घालायचा, आणि तुम्हीच करायचा, असं सांगून गेलेत."

मला रडू आलं नाही. मी पातेलं शोधायला लागले.

पहिली पेज पातळ झाली. शर्ट वाळला तो रुमालासारखा लुळा. दुसऱ्या वेळी गाठी राहिल्या. इतक्या वर्षांत हात विसरले होते, शिवाय बोटं आता मिटत नाहीत. लेकीने फोनवर जर्मनमध्ये सांगितलं, दुकानात स्टार्चचा स्प्रे मिळतो. मी ऐकू न आल्यासारखं केलं. बुधवारी तिसऱ्यांदा भात चढवला. आमच्या ह्यांनी पेज गाळली, शर्ट पिळला. तीन दिवस आम्ही तोच बिनपेजेचा भात खात होतो. त्याला चव नव्हती की माझ्या तोंडाला, कोण जाणे.

गुरुवारी चॅपलमध्ये शवपेटी अजून उघडी होती. मिस्टर बारीक झाले होते, शर्ट पुन्हा पोटावर बसला होता. कॉलर हनुवटीखाली ताठ. कुठे सुरकुती नव्हती. तरी मी खांद्यावर दोन बोटांच्या चिमटीत धरला, जमेल तसा, आणि हलकेच खाली ओढला. भाताचा वास आला.

काहीतरी म्हणायचं होतं.

"सिन्योरा," त्यांची बायको मागून म्हणाली, "जरा सरकता? झाकण लावायचंय."

मी सरकले.