कारण : भरीत

मला राग पटकन येतो, आणि आला की जात नाही. आई म्हणते, तुझ्या पोटात गोष्ट मुरत बसते. ही तर वर्षभर मुरली.

जळगावात केळी पिकवायच्या थंड खोल्या असलेल्या एका कंपनीत मी आयटी बघते. रावेरकडून ट्रक येतात, केळी खोल्यांत जातात आणि प्रत्येक खोलीचं तापमान माझ्या स्क्रीनवर दिसतं. तापमान चढलं किंवा सर्व्हर पडला, की ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर अलर्ट वाजतो. त्यानं खोलीवर फोन करायचा, दुरुस्ती करून घ्यायची, मग अलर्ट बंद करायचा. एवढं सोपं. पण सगळ्यांचं लॉगिन एकच होतं, माझं. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली. वेगवेगळी लॉगिनं करू या म्हटलं, तर आमचे साहेब हसले. त्यांना सगळं ऑफिस भाऊ म्हणतं. "आपण काय परके आहोत का गं? घरचीच माणसं. लाव ती चिठ्ठी." लावली.

मागच्या हिवाळ्यात मी रजा टाकून बहिणीच्या साखरपुड्याला धुळ्याला गेले. पाळी भाऊंची. भाऊ असोद्याला स्वतःच्या मळ्यात पाहुण्यांना भरीत खाऊ घालत होते. चार नंबरच्या खोलीचा कॉम्प्रेसर बंद पडला, अलर्ट वाजायला लागला, आणि भाऊंनी माझ्या लॉगिनवरून तो संध्याकाळपर्यंत गप्प करून टाकला. खोलीवर फोन काही केला नाही. अख्ख्या खोलीतली केळी फेकावी लागली.

दुसऱ्या दिवशी मेमो माझ्या हातात. 'कर्तव्यात अक्षम्य निष्काळजीपणा.' नोंदीत नाव माझं होतं ना!

"भाऊ, मी साखरपुड्यात होते. अलर्ट तुम्ही बंद केला."

"पासवर्ड चिठ्ठीवर कोणी लिहिला? तूच ना?" म्हणाले, आणि चहा मागवला.

मला नोकरीत कायम करायची फाईल तेव्हा मालकांच्या टेबलावर होती. तो मेमो तिच्यात लागला आणि फाईल एक वर्ष मागे पडली. घरी सांगितलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि तिथेच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मग कामाला लागले. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, स्वतःच्या फोनवर आलेला कोड टाकल्याशिवाय उघडणार नाही. अलर्ट बंद करायचा तर कारण लिहायचं. आणि अर्ध्या तासात तापमान उतरलं नाही, तर बंद करणाऱ्याचं नाव आणि कारण थेट मालकांच्या फोनवर. असा चार पानी प्रस्ताव भाऊंसमोर ठेवला. त्यांनी एक ओळ न वाचता सही ठोकली. वर म्हणाले, "आता कशी शहाणी झालीस!"

"हो भाऊ," म्हटलं.

यंदा थंडीत पुन्हा असोद्याचा मळा. या वेळी सगळं ऑफिस होतं, शिवाय मालक, आमचे नाना. पाळी भाऊंचीच. वांगी भाजून झाली, पंगत बसली, मी नेमकी भाऊंच्या समोर. त्यांचा फोन वाजला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. माझ्या फोनवर पाहिलं, सहा नंबरची खोली.

एक गोष्ट मी केली. पाण्याच्या निमित्तानं उठले आणि खोल्यांवरच्या मिस्त्री आबांना फोन लावला. "आबा, सहा नंबरची केळी लगेच दुसऱ्या खोलीत हलवा." केळ्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? मग परत येऊन बसले आणि भाऊंना एक अक्षर बोलले नाही. का बोलू?

भाऊंनी भरिताचा हात रुमालाला पुसला, काहीतरी टाईप केलं आणि फोन उपडा ठेवला. मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी तोडत राहिले. अर्धा तास. इतक्या चवीनं भरीत मी जन्मात खाल्लं नव्हतं.

नानांचा फोन वाजला. नानांना मनात वाचता येतच नाही. चष्मा लावून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "खोली सहा. तापमान जास्त. अलर्ट बंद करणारे..." पुढे भाऊंचं पूर्ण नाव. "कारण, भरीत."

नानांनी चष्मा काढला.

"हाई काय शे?" राग आला की नाना अहिराणीवर येतात.

"नाना, ते लॉगिन..." भाऊ माझ्याकडे बघायला लागले.

"लॉगिन तुमचंच आहे, भाऊ. कोडही तुमच्याच फोनवर येतो. चिठ्ठी मागच्या वर्षी होती."

नानांनी भाऊंकडे पाहिलं. "म्हणजे मागच्या वर्षीही तूच?" भाऊंनी उपडा फोन उचलून खिशात टाकला.

सोमवारी नानांनी मला बोलावलं. केळी वाचली होती, आणि फोन कोणाचा आला होता ते आबांनी सांगितलं होतं. कायम करायच्या कागदावर नानांनी सही केली आणि माझा जुना मेमो फाडायला घेतला.

"थांबा नाना, तो मला हवाय."

तो समोर ठेवून मी भाऊंचा मेमो टाईप केला. 'कर्तव्यात अक्षम्य निष्काळजीपणा.' फक्त नाव आणि तारीख बदलली. नानांची सही घेऊन तो स्वतःच्या हातानं भाऊंच्या टेबलावर ठेवला, आणि पोच मिळेपर्यंत तिथेच उभी राहिले. या वेळी मात्र सही करण्याआधी भाऊंनी प्रत्येक ओळ वाचली.