मॅडमच्या कपाटातला क्लॅम्प

मॅडमना त्या हॉस्पिटलात सर्जन म्हणून बावीस वर्षं झाली होती आणि त्यातली वीस त्यांनी चौथ्या मजल्याशी भांडण्यात घालवली होती. चौथ्या मजल्यावर प्रशासन बसे, खाली डॉक्टर, आणि दोघांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. वरून परिपत्रक आलं की खाली त्याच्यावर चहाचा कप ठेवला जाई. खालून मागणी गेली की वर ती महिनाभर सह्या गोळा करत फिरे. पेशंटांना यातलं काही कळत नसे, ते एक बरं होतं.

मग नवे प्रशासक आले. हे गृहस्थ आधी बसडेपो चालवत असत. ही बातमी खाली पोचायला अर्धा तास लागला आणि ‘डेपोसाहेब’ हे नाव पडायला त्याहून कमी. पहिल्याच महिन्यात त्यांनी टाके घालायचा दोरा बदलला. तो ऐन ऑपरेशनमध्ये दोनदा तुटला. ऑपरेशन उरकलं तशा मॅडम हिरव्या कपड्यांतच जिना चढल्या आणि दोऱ्याचं पाकीट त्यांनी साहेबांच्या टेबलावर आपटलं.

“याने शर्टाचं बटण तरी लावून दाखवा!”

साहेबांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “मला यातलं काही कळत नाही, मॅडम. तुम्ही दाखवाल का?”

असं वाक्य वरच्या मजल्यावर आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. पुढे काय भांडावं तेच मॅडमना सुचेना. त्या सोमवारी साहेब टोपी-मास्क लावून थिएटरात उभे राहिले. पोट उघडताना त्यांना घेरी आली. सिस्टरने बाहेर नेऊन पाणी पाजलं, आणि ते मुकाट्याने परत येऊन उभे राहिले. गुरुवारपर्यंत जुना दोरा हजर. तिथून रीतच पडली: दर सोमवारी साहेब थिएटरात, आणि दर गुरुवारी दुपारी मॅडम चौथ्या मजल्यावर, साहेबांच्या शेजारी बसून खरेदीच्या फायली वाचताना. डॉक्टर मंडळी टोमणे मारत, “काय मॅडम, पार्टी बदलली वाटतं?” घरी नवरा म्हणे, “माझ्यापेक्षा त्या डेपोवाल्याशी जास्त बोलतेस. आणि तेही न भांडता!”

सगळ्यात अवघड काम होतं कपाटांचं. प्रत्येक सर्जनच्या खोलीत एक कुलुपाचं कपाट आणि त्यात दडवून ठेवलेली चांगली हत्यारं. स्टोअर ऐन वेळी दगा देतं म्हणून कपाटं भरलेली, आणि कपाटं भरलेली म्हणून स्टोअर रिकामं. वरच्या कागदांवर मात्र सगळं भरपूर, त्यामुळे नवं काही येत नसे. मॅडमनी पाच महिने एकेकाची मनधरणी केली. हाडांचे डॉक्टर, सगळ्यांत ज्येष्ठ, काही केल्या ऐकेनात.

“माझी हत्यारं म्हणजे माझी मुलं आहेत,” ते म्हणाले.

“मग शाळेत घाला की त्यांना. चार मुलांत मिसळू दे.”

ते हसले, आणि हसले म्हणून फसले. हत्यारं स्टोअरमध्ये गेली आणि एकूण बारा किल्ल्या साहेबांच्या डब्यात जमा झाल्या. पहिली मॅडमची होती, भर मीटिंगमध्ये सगळ्यांच्या देखत दिलेली.

त्याच कपाटाची दुसरी किल्ली मात्र मॅडमच्या पर्समध्ये राहिली. आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात, निळ्या कापडात बांधलेला, फाटलेली रक्तवाहिनी पकडायचा एक मोठा बाकदार क्लॅम्प. स्टोअरमध्ये तसा एकच होता. मॅडमचा दर पंधरवड्याला गुपचूप वाफेच्या भट्टीत जंतुमुक्त होऊन परत जागेवर जाई. हे फक्त सिस्टरला ठाऊक. “असावा आपला एक,” मॅडम तिला म्हणाल्या होत्या. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

कपाटं उघडून तीन महिने झाले होते. सोमवार होता, सकाळचे अकरा. एक नंबरच्या थिएटरात मॅडमचं ऑपरेशन संपत आलं होतं आणि साहेब भिंतीशी उभे होते. सिस्टर दार ढकलून आत आली.

“दोन नंबरमध्ये मोठी शीर फाटलीय. धाकट्या डॉक्टरबाईंनी बोटाने दाबून धरलीय. बाकदार क्लॅम्प हवाय.”

“मग दे ना!”

“स्टोअरचा भट्टीत आहे. सकाळी वापरला होता. अजून पंचवीस मिनिटं लागतील.”

धाकटीला नोकरीत लागून आठ महिने झाले होते. तिच्या टेबलावर बेकरीत काम करणारी एक बत्तीस वर्षांची बाई होती. बाहेर बाकावर तिचा नवरा बसला होता.

सिस्टर मॅडमकडे नुसती बघत राहिली. 

“भट्टी मधेच थांबवता येईल?”

“नाही मॅडम.”

“लहान क्लॅम्प?”

“लावून पाहिला. बसत नाही.”

पलीकडे एका बाईचं रक्त चाललं होतं आणि मॅडम भिंतीशी उभ्या असलेल्या साहेबांचा विचार करत होत्या. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. मिनिटभर गेलं असेल.

“माझ्या कपाटात आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “खालचा कप्पा, निळं कापड. किल्ली पर्समध्ये.”

बाकी सगळ्यांचे हात गुंतलेले. मोकळे होते ते एकटे साहेब. पन्नाशी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा तो माणूस दोन जिने धावत सुटला. मॅडमनी उरलेले टाके सहायकावर सोपवले, हात धुतले, हातमोजे बदलले आणि दोन नंबरमध्ये शिरल्या. भूल देणारे डॉक्टर मोठ्याने रक्तदाब सांगत होते. सत्तर. पासष्ट. साठ. धाकटीचा हात मनगटापर्यंत पोटात होता आणि ती घड्याळाकडे बघत होती.

“हलू नकोस.”

“नाही हलत,” ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

क्लॅम्प आला. सिस्टरने कापड सोडलं, मॅडमनी तो धाकटीच्या हातात दिला आणि तिने पहिल्याच खेपेला नीट बसवला. रक्त थांबलं. थोड्या वेळाने भूलवाल्यांनी आकडे सांगणं बंद केलं. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मॅडमचा नाही.

बाहेर साहेब अजून धापा टाकत बसले होते.

“काळजी करू नका,” ते हळूच म्हणाले. “मी काही पाहिलं नाही असं धरा. डेपोतसुद्धा ड्रायव्हर आपल्या गाडीचा चांगला टायर दुसऱ्याला देत नसत.” मग जरा थांबून, “एक विचारू का? सकाळी आठच्या ऑपरेशनला स्टोअरचा क्लॅम्प तुम्हीच मागवलात. तुमचा होता, तरी. त्याला काही वैद्यकीय कारण असेल ना?”

कारण काहीच नव्हतं. सवय होती. आपला जपायचा आणि सगळ्यांचा वापरायचा. साहेबांनी खरंच न कळून विचारलं होतं, म्हणून ते जास्त झोंबलं.

चार वाजता महिन्याची मीटिंग होती. साहेब गप्प बसणार होते, सिस्टरही बसली असती. मॅडमनी तोंड उघडलं नसतं तर दीड वर्षाचं काम शाबूत राहिलं असतं, आणि उघडलं तर काय होणार ते त्यांना दिसत होतं. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

“आजचा क्लॅम्प माझ्या कपाटात होता,” त्यांनी सांगितलं. “किल्लीही होती. स्टोअरचा आठ वाजता मीच वापरला, माझा राखून. आणि विचारलं तेव्हा लगेच सांगितलं नाही.”

 हाडांचे डॉक्टर उठले.

“आमची मुलं शाळेत, आणि तुमचं घरी? द्या साहेब, माझी किल्ली द्या.”

साहेबांनी वाद घातला नाही. डबा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला. हाडांच्या डॉक्टरांनी आपली किल्ली घेतली. त्यांच्यामागून आणखी दोघांनी. मॅडम बघत राहिल्या. पाच महिन्यांची विनवणी मिनिटभरात खिशांत गेली, आणि त्यांना कोणावर रागावताही येईना.

तेवढ्यात कोपऱ्यातून धाकटी उभी राहिली. तिच्या हातात घडी केलेला कागद होता.

“मी नऊ मिनिटं बोट दाबून होते, मॅडम. मला वाटत होतं, माझ्यामुळे ही बाई जाणार. माझंच काहीतरी चुकलं. दुपारी मी राजीनामा लिहिलाय.” तिचा आवाज आता कापत होता. “उद्या आठला मला ऑपरेशन आहे. हा आत्ता देऊ, की उद्या येऊ?”

 एक पेशंट वाचली हे त्यांना माहीत होतं. दुसरं कोणी जायला निघालं होतं, हे आत्ता कळत होतं.

“ये,” त्या म्हणाल्या. “उद्या मी तुझ्या हाताखाली उभी राहते.”

धाकटीने कागद खिशात ठेवला, फाडला नाही. 

“साडेसातला या,” धाकटी म्हणाली. “आधी स्टोअरची यादी मला स्वतः तपासायचीय. तपासताना तुम्ही समोर हव्यात.”