मशेरी आणि मोबाइल

उत्तनहून पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या गेटवर मासे विकायला येणारी मावशी गिऱ्हाइकाला आधी शिवी हासडते, मग भाव सांगते. दिवसभर दातांना मशेरी. चांगल्या सवयींवरचं प्रवचन मोबाइलवर ताजंच ऐकून मी ते तिला ऐकवलं.

"तू मोबाइल सोड, मी मशेरी सोडते. हाय कबूल?"

मी हसत हो म्हटलं आणि विसरलो.

पंधरवड्याने मोबाइलमध्ये बघतच तिच्याकडून पापलेटची पिशवी घेतली. घरी उघडली तर आत नुसती मुंडकी. भांडायला तसाच खाली उतरलो.

"पापलेट बर्फात हाय तुजं. मशेरी सोडून पंधरा दिस झाले, डोकं फुटतंय माजं. तुजं काय?"

मी मोबाइल खिशात कोंबला. तिथेही तो मेला वाजतच राहिला.