गाठ मीच मारली

वेसाव्याहून मुलुंडला सामान हलवलं त्या सकाळी टेम्पो सुरू झाला, तसा बापूस धावत आला आणि खिडकीतून त्याचा धुतलेला सुरका माझ्या मांडीवर टाकला. होडीवर जाताना आम्ही कमरेला बांधतो तो तिकोनी रुमाल. म्हणाला, "पोरा, ह्यो दर्यान उतरासाठी हाय, लोकांना हसवासाठी नाय." मला हसू आलं. घरातला पहिला बी.कॉम., बीकेसीत नोकरी. मला कोण हसणार होतं?

कोळीवाड्यातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, ऐका.

यंदा ऑफिसच्या क्रिकेट टीमचं नाव ठेवलं 'कोळी किंग्ज'. मला कुणी विचारलं नाही. मॅस्कॉट म्हणून फोमचा एक कोळी आणला: सुटलेलं पोट, दोरखंडासारख्या मिशा, हातात पापलेट. सुरका मात्र जीन्सवर पंच्यासारखा गुंडाळून कशीतरी गाठ मारलेला. एचआरच्या केतकीने मला हाक मारली, "अरे, तू तर ओरिजिनल ना! बघ ना, बरोबर आहे का?"

तेव्हाच सांगायचं होतं, हे नाव काढा. पण ती गाठ मला बघवेना. खाली वाकलो, सोडली, आणि बापसाने शिकवलेली मारली, डाव्या अंगाला, दुहेरी खोचून. टाळ्या पडल्या. "कोळ्यानेच पास केलं, आता कोण बोलणार!"

पहिल्याच मॅचला समोरची टीम नाकं दाबून ओरडायला लागली, "ए, वास येतोय!" आमचेही खिदळले. मी केतकीला म्हटलं, काढ ते सोंग. ती गोंधळून म्हणाली, "तूच तर बांधलंस ना यार!" तिकडे वाड्याच्या ग्रुपवर चुलतभावाने तोच फोटो टाकला, 'झकास! आपलं नाव बीकेसीत!' खाली साठ अंगठे. आता विरोध केला तर ऑफिसात मी खडूस, आणि वाड्यात शिकून शेफारलेला.

रविवारी फायनल आहे. केतकी म्हणते, बाबांना घेऊन ये, स्टेजवर बोलवू.

काल बापसाचा फोन आला. फोटो त्याने पाहिला होता. नाव, मिशा, पापलेट, कशाबद्दलच बोलला नाही. एवढंच विचारलं, "गाठ कोनी मारली रं?"

घर म्हणजे काय, असं मुलुंडला कुणी विचारलं की मी आजवर समुद्र सांगायचो. आता वाटतं, जिथे फोटोतल्या गाठीवरूनसुद्धा आपला हात ओळखतात, ते घर. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.