करंदीकरकाकांचा कायदा

चार माणसं चळवळीसाठी जमली की चळवळ कितपत पुढे जाते ते देवच जाणे, पण किस्से मात्र दर आठवड्याला वाढतात. आमचा गट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. नऊ जण, लायब्ररीतली वरची खोली, शनिवारी सकाळी अकरा. युरोपात कुठेही पुढाऱ्याने लाच खाल्ली किंवा सरकारने न्यायाधीशाला दमात घेतलं, की आमचं निषेधाचं पत्र गेलंच! अध्यक्ष करंदीकरकाका, रिटायर्ड इंजिनियर. काकू गेल्यापासून घरी एकटेच.

*

एकदा आमच्याकडे एक कौन्सिलर, म्हणजे इथले नगरसेवक, भाषणाला आले. विषय, पुढाऱ्यांना मिळणाऱ्या भेटवस्तू. भाषण झकास! निघताना आमच्या गटातल्या सुलभाताईंनी सवयीने त्यांच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा ठेवला.

काका दारात आडवे! "हे कौन्सिलच्या भेटवस्तूंच्या रजिस्टरमध्ये डिक्लेअर करा."

कौन्सिलर गडबडले. "किंमत काय लिहू?"

"माझ्या लाडवांची किंमत?" सुलभाताई भडकल्या.

"अमूल्य लिहा," काका म्हणाले, "पण लिहा!"

*

एका देशात निकाल सरकारविरुद्ध दिला म्हणून एका जजबाईंना घरी बसवलं. आम्ही तिथल्या मंत्र्याला कडक ईमेल केली. दोन मिनिटांत उत्तर! भाषा कुणालाच कळेना.

"धमकी दिसतेय," सुलभाताई म्हणाल्या. मी तर घरी जाऊन दाराला दुसरी कडी बसवली, खोटं नाही सांगत!

काकांनी शांतपणे फोनवर ट्रान्सलेट केलं. 'मी सुट्टीवर आहे. सोमवारी भेटू.'

सोमवारी सकाळी नऊला काकांनी तीच ईमेल पुन्हा पाठवली.

*

त्याच जजबाईंसाठी सह्या गोळा करताना मी बायकोचीही सही ठोकून दिली. घरचाच मामला! काकांनी तिथल्या तिथे तिला फोन लावला.

"वहिनी, तुमची संमती आहे?"

"आहे. पण माझी सही मी येऊन करते. आणि ह्यांची तपासून घ्या!"

*

आमच्या गटाची घटना काकांनीच लिहिलेली. अध्यक्ष दोनच वर्षं, आणि घटना बदलायची तर सगळ्यांचं एकमत हवं. काकांची दोन वर्षं संपली. अध्यक्षपद गेलं तर काका घराबाहेर पडतील का, ही धास्ती सगळ्यांनाच. म्हणून सुलभाताईंनी घटनादुरुस्ती मांडली. आठ हात वर.

नववा खाली.

"खुर्चीसाठी घटना बदलू नका, असं आपण अख्ख्या युरोपला सांगतो," काका म्हणाले. "आणि इथे?"

सुलभाताई अध्यक्ष झाल्या. रडत रडत.

*

पुढच्या शनिवारी काका शेवटच्या खुर्चीवर. हात वर करून परवानगी मागितली आणि उभे राहिले.

"माझी तक्रार आहे. आधीच्या अध्यक्षाविरुद्ध."

सुलभाताईंनी नोंदवही उघडली.

"घटनेत बैठक पंधरा दिवसांनी लिहिली आहे. त्याने ती दर शनिवारी ठेवली. गटाचं तेवढं काम नव्हतं. घरी एकट्याने चहा पिववत नव्हता, म्हणून. हा पदाचा गैरवापर आहे. नोंद करा."

सुलभाताईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नोंद केली. मग म्हणाल्या, "आता नियमाप्रमाणे ठराव. यापुढे बैठक दर शनिवारी. बाजूने कोण?"

आठ हात, क्षणात वर!

"काका, एकमत हवंय. तुमचा हात?"

काका खिडकीबाहेर बघत होते. "मला मत देता येणार नाही," ते म्हणाले. "माझा यात हितसंबंध आहे."