साथीला लॅपटॉप

दुष्काळाची ती वर्षं. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत इमारतींवर मजले चढत होते आणि बोअर एकेक करून आटत होते. माझ्या बासरीच्या सरांच्या पुढच्या खोलीत मी त्यांच्या मागं बसून साथ करायचे. ते दम घ्यायला थांबले की त्यांचा सूर मी उचलायचा, ही आमची रीत. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘वाह’ म्हटलं नाही. म्हणायचे ते एकच, "तुझा श्वास लई ऐकू येतो. बासरी ऐकू येऊ दे."

मग पुण्याहून त्यांचा भाचा लॅपटॉप घेऊन आला. सर वाजवणार, कॉम्प्युटर ऐकणार आणि त्याचं तोच उत्तर देणार, असा कार्यक्रम औरंगपुऱ्यातल्या हॉलमध्ये ठरला. माझ्या जागेवर त्याचं टेबल. माझा नुसता जळफळाट झाला. वर भाचा म्हणतो, "ताई, त्याच्यात भरायला तुमचे सूर लागतील. थोडं वाजवून द्या ना." म्हणजे सवतीला मीच नटवायचं! पण सरांचा शब्द मोडवेना.

मी माईकसमोर बसले आणि गल्लीत टँकर आला. बासरी तिथंच ठेवून हंडे घेऊन धावले. पाणी भरून परतले ती धापा टाकत, आणि तशीच वाजवू लागले. आतून सर ओरडले, "अगं, भाता फुंकतीस का काय?" तेवढं पुसून टाकतो, असं भाचा म्हणाला.

कार्यक्रमाला मी प्रेक्षकांत. ते यंत्र बंद पडावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. सरांनी एक सूर लांबवला आणि थांबले. स्पीकरमधून बासरीचं उत्तर आलं, पण त्याच्या आधी एक श्वास आला. दमलेला, तुटका. हंडे वाहून आलेला माझाच श्वास. भाच्यानं पुसलाच नव्हता.

आता सर भडकणार म्हणून मी अंग चोरून घेतलं. सरांनी मान डोलावली आणि लॅपटॉपकडं वळून म्हणाले, "वाह! जीव हाय ह्याच्यात."

हॉलभर टाळ्या झाल्या. माझे हात मांडीवरून उठले नाहीत. माझंच वाजवणं आणि दाद त्या डब्याला! माझ्याच श्वासाचा मला इतका हेवा वाटला की डोळे भरून आले.

नंतर पाया पडायला आत गेले. सर खुशीत होते.

"ऐकलंस का पोरी? साथ अशी करायची असती."

"व्हय सर," मी म्हटलं. श्वासाचा आवाज होऊ न देता.